न दिसलेली आठी

कपाळावरची आठी ती केवढी, आणि टिकते तरी किती वेळ! पण अशा एका आठीवरून धर्मग्रंथातल्या एका अध्यायाला नाव मिळाले आहे. कुराणाचा ८० वा अध्याय 'अबस'. अबस म्हणजे 'त्याने कपाळाला आठी घातली'.

परंपरेने सांगितलेला प्रसंग मक्केतला. मुहंमद पैगंबर कुरैश जमातीच्या बड्या मंडळींशी बोलत होते. इतक्यात अब्दुल्ला इब्न उम्म मक्तूम हे अंध गृहस्थ आले आणि 'मला शिकवा' म्हणून मध्येच विनवू लागले. बोलण्यात खंड पडला, कपाळाला आठी पडली, तोंड फिरले. घडले ते एवढेच. पण अध्यायाच्या आरंभीच त्याबद्दल कानउघाडणी आहे. बेपर्वा माणसाची आस्था, आणि ओढीने आलेल्याची उपेक्षा?

ही आठी कोणाची, यावर भाष्यकारांत मतभेद आहेत. तबरींसारखे सुन्नी भाष्यकार ती पैगंबरांचीच मानतात. तबातबाईंसारखे शिया भाष्यकार म्हणतात, हे त्यांच्या स्वभावाशी जुळत नाही. आठी दुसऱ्याच कोणाची असली पाहिजे. शिवाय आरंभी 'त्याने' आहे आणि तिसऱ्या वचनापासून 'तू'. काहींना त्यात अदब दिसते: दोष दाखवायचा, पण एकदम तोंडावर नव्हे.

हा वाद विद्वानांचा. त्यात मी पडत नाही. माझे मन अडकते ते दुसरीकडेच. वाचकहो, ज्याच्याकडे पाहून आठी पडली, त्याला ती दिसतच नव्हती! तरीही तिची नोंद झाली.

३१ व्या अध्यायात लुकमान मुलाला बजावतो, लोकांपुढे तोऱ्याने गाल फिरवू नकोस. भाष्यकार सांगतात, तिथला मूळ शब्द उंटाच्या रोगावरून आला. त्या रोगात उंटाची मान वाकडी होते. म्हणजे गर्वाने वळलेली मान ही ऐट नव्हे, दुखणे!

आता दिवाळीत पोस्त मागायला माणसे दारी येतील. पैसे आपण देतोच, फराळही देतो. पण देताना आपल्या भुवया कुठे असतात? 'अबस'च्या अखेरीस निवाड्याच्या दिवसाचे वर्णन आहे. त्या दिवशी काही चेहरे हसरे, उजळ असतील. काही धुळीने माखलेले. अंध माणसाला न दिसलेली आठीही जिथे हिशेबात धरली जाते, तिथे दारातल्या डोळस माणसाला दिसणाऱ्या आपल्या आठ्यांचे काय?