ऱ्होनचे दोन तीर

फ्रान्समधील एखाद्या प्राचीन नगरात आगगाडीने अथवा मोटारीने प्रवेश करावा, तर प्रथम दृष्टीस पडतात त्या वखारी आणि अलीकडच्या वस्तीच्या एकसारख्या भिंती. परंतु ल्यों येथून नौकेने ऱ्होनच्या प्रवाहाबरोबर दक्षिणेस निघालेल्या प्रवाशापुढे व्हिएन, तूर्नों, आव्हिन्यों आणि आर्ल ही नगरे आपल्या दर्शनी अंगाने उभी राहतात, कारण ती ज्या काळी नांदती झाली त्या काळी सारा व्यापार आणि सारी जकात या काठावरूनच येत असे. नदीप्रवासाचा मी पुरस्कार करतो तो यासाठी.

मध्ययुगात या नदीचा उजवा तीर फ्रान्सच्या राजाच्या मुलखात आणि डावा तीर पवित्र रोमन साम्राज्याच्या अंमलाखाली मोडत असे. ही व्यवस्था लयास जाऊन शतके लोटली तरी येथील नावाडी उजवे-डावे न म्हणता ‘राज्याकडे’ आणि ‘साम्राज्याकडे’ असेच पुकारीत. दप्तरांतून पुसली गेलेली हद्द श्रमिकांच्या मुखी इतकी दीर्घकाळ जिवंत राहावी, याचे मला अतिशय अप्रूप वाटते.

आव्हिन्योंस ही हद्द डोळ्यांनी पाहता येते. १३०९ ते १३७७ या काळात पोपांचे वास्तव्य असलेले हे नगर सहाव्या क्लेमेंटने १३४८ मध्ये नेपल्सची राणी जोआना हिच्याकडून ८०,००० फ्लोरिन मोजून विकत घेतले, आणि पुढे थेट राज्यक्रांतीच्या काळापर्यंत ते पोपांच्याच मालकीचे राहिले. समोरच्या तीरावर, पुलाच्या दुसऱ्या टोकाशी, फ्रान्सच्या राजाने आपला बुरूज उभारला होता. बाराव्या शतकातील त्या पुलाच्या २२ कमानींपैकी आज ४ उरल्या आहेत. पुरामागून पूर आले, दुरुस्तीमागून दुरुस्ती झाली, आणि अखेर सतराव्या शतकात पुलाची आशा सोडून देण्यात आली.

त्या उग्र नदीवर आज आपण निर्धास्त तरंगतो, याचे श्रेय १९३३ मध्ये स्थापन झालेल्या ऱ्होन कंपनीकडे जाते. वीजनिर्मिती, जलवाहतूक आणि शेतीचे पाणी अशी तिहेरी जबाबदारी तिच्यावर सोपविण्यात आली होती. ल्यों ते आर्ल या टप्प्यात तिचे १२ जलपाश लागतात. त्यांतील बोलेनचा १९५२ चा जलपाश सर्वांत खोल: नौका त्यात शिरते, मागचे दार मिटते, आणि ओल्या काँक्रीटच्या भिंती दोन्ही अंगांनी वर चढत जाऊन आकाशाची केवळ एक पट्टी उरेपर्यंत आपण २२ मीटरांहून अधिक खाली उतरलेले असतो. अनेक प्रवासी या वेळी भोजनगृहात बसून राहतात. मला मात्र डेक सोडवत नाही.

वाफेची नौका येण्यापूर्वी परतीच्या वाटेवर घोड्यांचे तांडेच्या तांडे काठावरून दोरखंडांनी मालाचे पडाव ओढून नेत. त्या नावाड्यांच्या अस्तंगत जगावर प्रोव्हान्सचा कवी फ्रेदेरिक मिस्त्राल याने १८९७ मध्ये एक दीर्घकाव्य प्रसिद्ध केले.

या मालवाहतुकीचा त्याहूनही जुना पुरावा आर्लच्या पुराणवस्तुसंग्रहालयात आहे: २००४ मध्ये गाळात सापडलेला आणि २०११ मध्ये वर काढलेला, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ३१ मीटर लांबीचा रोमन पडाव, आणि त्यातील बांधकामाचे दगड. आर्लला मिळणारा मोजका वेळ बहुधा रोमन प्रेक्षागारात आणि व्हॅन गॉगच्या खुणा शोधण्यात सरतो; जो या नदीच्या जलमार्गाने येथवर आला आहे, त्याने प्रथम या पडावाकडे जावे, असा माझा आग्रह आहे.