करड्या देवमाशांची घटती गणती

कॅलिफोर्नियातील कार्मेल गावाच्या दक्षिणेस ग्रॅनाइट कॅन्यन नावाचा खडकाळ कडा आहे. डिसेंबर उजाडला की या कड्यावर अमेरिकेच्या ‘नोआ’ या सरकारी सागरविज्ञान संस्थेचे निरीक्षक दुर्बिणी घेऊन बसतात आणि किनाऱ्यालगत दक्षिणेकडे निघालेले करडे देवमासे मोजतात. १९६७ साली सुरू झालेल्या या गणतीत अनेक वर्षांचे खंड पडले असले, तरी एवढ्या मोठ्या सागरी प्राण्याची इतकी दीर्घ नोंद क्वचितच आढळते. २०२५ च्या हिवाळ्यातील गणतीने मात्र संशोधकांना धक्का दिला. त्या हंगामाचा अंदाज आला सुमारे १२,९५०. १९७० च्या दशकापासूनचा हा नीचांक होता. २०१६ मध्ये हीच संख्या २७ हजारांच्या घरात होती.

या आकड्याचे महत्त्व कळण्यासाठी देवमाशांचे वर्षभराचे वेळापत्रक पाहावे लागते. उन्हाळ्यात हे प्राणी बेरिंग आणि चुकची समुद्रांत असतात. तेथील उथळ तळाशी आडवे होऊन ते चिखल ओढून घेतात आणि त्यातील कोळंबीच्या जातकुळीचे इवलेसे जीव गाळून खातात. या काही महिन्यांत साठवलेल्या चरबीवरच त्यांना उरलेले वर्ष काढायचे असते. त्यानंतर मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या उबदार खाड्यांपर्यंत जायचे आणि वसंतात पुन्हा उत्तरेला परतायचे. जाऊन-येऊन हा प्रवास १६ ते २० हजार किलोमीटरचा होतो आणि तो जवळजवळ उपाशीपोटीच केला जातो. दक्षिणेकडे सर्वांत आधी निघतात त्या गाभण माद्या. परतताना सर्वांत मागे असतात त्या पिल्लांना घेऊन चाललेल्या माता. उत्तरेत पोट भरले नाही, तर त्याचा परिणाम हजारो किलोमीटर दक्षिणेला, मृतदेहांच्या रूपात दिसतो.

तसा तो दिसलाही. २०१८ च्या डिसेंबरपासून २०२३ च्या नोव्हेंबरपर्यंत मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडाच्या किनाऱ्यांवर ६९० करडे देवमासे वाहून आले. त्यांतील अनेक हाडे दिसावीत इतके खंगलेले होते. अशीच मोठी मरतूक १९९९ आणि २००० मध्येही झाली होती. तेव्हा संख्या सुमारे २१ हजारांवरून १६ हजारांवर आली आणि पुढे पुन्हा वाढली. त्यामुळे या वेळीही घाबरण्याचे कारण नाही, समुद्र पोसू शकेल त्याहून संख्या वाढली की निसर्गच ती छाटतो, असा सूर लागला होता. शिकारीमुळे नामशेष होण्याच्या मार्गावर असलेला हा प्राणी संरक्षणामुळे सावरला आणि १९९४ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. यशाची अशी कथा हाताशी असली, की वाईट बातमीकडे लहरी निसर्गाचा खेळ म्हणून पाहणे सोपे जाते.

या विश्वासाला आकड्यांचाही थोडा हातभार लागला. २०२३ चा अंदाज १४,५०० च्या आसपास होता, तर २०२४ चा १९ हजारांहून अधिक. मरतूक संपल्याचे आधीच जाहीर झाले होते. आता संख्याही सावरली, असे म्हणायला वाव मिळाला. वास्तविक या वाढीकडे संशयाने पाहायला हवे होते. करड्या देवमाशाची मादी साधारणपणे दोन वर्षांतून एकदा विते. मध्य कॅलिफोर्नियातील पिएद्रास ब्लँकास येथील वसंतातील नोंदींनुसार २०२३ मध्ये जन्मलेल्या पिल्लांचा अंदाज होता जेमतेम ४१२. एवढ्या पिल्लांतून एका वर्षात साडेचार हजार देवमासे वाढणे शक्यच नाही. गणतीत दिवसा दिसलेल्या कळपांवरून रात्रीचा आणि धुक्यातला हिशेब मांडावा लागतो. काही देवमासे वाट किंवा वेळ बदलतात, हेही गृहीत धरावे लागते. त्यामुळे एका हंगामाचा आकडा कितीही नेमका दिसला तरी निर्णय त्यावर घ्यायचा नसतो. हाच नियम २०२५ च्या नीचांकालाही लागू होतो. फरक इतकाच, की या नीचांकाला दुसऱ्या गणतीची साथ आहे. त्या वसंतात पिल्लांचा अंदाज सुमारे ८५ वर आला. पिल्लांची गणती १९९४ मध्ये सुरू झाल्यापासून इतका कमी आकडा कधीच नव्हता. २०१३ ते २०१६ या काळात दरवर्षी हजाराहून अधिक पिल्ले नोंदली गेली होती.

कारण उत्तरेच्या समुद्रतळात शोधावे लागते. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या देवमाशांच्या संख्येतील चढउतारांची सांगड आर्क्टिकमधील बर्फ आणि तळावरील अन्न यांच्याशी घातली. समुद्री बर्फाच्या खालच्या बाजूला शेवाळ वाढते. ते झडून तळाशी गेले की तेथील जीवांचे पोषण होते. बर्फ कमी, तर तळाला पोचणारे शेवाळही कमी. बर्फ लवकर वितळला तर देवमाशांना चरायला अधिक दिवस मिळतात, हे खरे. परंतु पानातच वाढलेले नसेल तर पंगतीला लवकर बसून उपयोग काय? पूर्वी बर्फाच्या चढउतारासोबत संख्याही पुन्हा वर येत असे. तापमान एकाच दिशेने वाढत असताना तशी उभारी येईल, असे धरून चालता येत नाही.

या गणतीशी माणसांचे हक्कही जोडलेले आहेत. वॉशिंग्टन राज्यातील मकाह या आदिवासी समाजाने १८५५ च्या करारात देवमाशांच्या शिकारीचा हक्क राखून ठेवला होता. दीर्घ कायदेशीर लढ्यानंतर २०२४ च्या जूनमध्ये अमेरिकी सरकारने त्यांना दहा वर्षांत जास्तीत जास्त २५ देवमासे मारण्यास मुभा दिली. शेकड्यांनी मरणाऱ्या प्राण्यांत हे २५ नगण्य आहेत आणि उत्तरेतील उपासमारीला मकाह जबाबदार नाहीत. तरीही संख्या घसरत राहिली, तर पहिली बंदी त्यांच्यावरच येण्याची शक्यता अधिक. कारण शिकार एका आदेशाने थांबवता येते, बर्फाचे वितळणे नाही.