दुखणे घरचे, आधार गावचा

गोमंतकातील माणसे पूर्वीपेक्षा अधिक वर्षे जगू लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. २०११ च्या जनगणनेप्रमाणे साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण देशात शेकडा साडेआठच्या आसपास होते, तर गोव्यात ते अकराच्या वर गेले होते. राज्यांमध्ये केरळच्या खालोखाल गोव्याचाच क्रमांक लागला होता. परंतु वाढलेल्या आयुष्याची शेवटची पाचदहा वर्षे कोणाच्या आधाराने काढावयाची, हा प्रश्न आमच्याकडे अद्याप घराच्या उंबरठ्याबाहेर आलेला नाही. मुलगा बंगळूरला, मुलगी पुण्याला, धाकटा आखातात आणि राजांगणाच्या प्रशस्त घरात दोन वृद्ध जीव, हे चित्र पेडण्यापासून काणकोणापर्यंत आता कोणाला नवे राहिलेले नाही. दोघेही हिंडतेफिरते असतात तोवर सारे ठीक चालते. त्यांतील एकाने अंथरूण धरले की त्या घराची घडीच विसकटते.

असे दुखणे सहसा सांगून येत नाही. न्हाणीघरात पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. पहाटे अर्धांगाचा झटका येतो. किंवा स्मृतिभ्रंश वाढत जाऊन एके दिवशी आई आपल्याच लेकीला ‘तू कोणाची?’ असे विचारते. १०८ ची रुग्णवाहिका येते, बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय किंवा जिल्हा इस्पितळ रुग्णास दाखल करून घेते, उपचार होतात. येथपर्यंत आमची व्यवस्था, तिच्यातील उणिवा जमेस धरूनही, उभी आहे. खरी कसोटी लागते ती ‘आता रुग्णास घरी न्या’ असे सांगितले जाते त्या दिवशी. हाती औषधांची यादी पडते. पण नाकातील नळीतून पेज कशी घालावी, लघवीची नळी केव्हा व कोणी बदलावी, दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, हे घरच्यांना निवांतपणे कोण समजावून सांगतो? डोक्याकडची बाजू वर उचलता येणारी खाट भाड्याने कोठे मिळते, हवेची गादी कोठे, रात्री बसणारी विश्वासू बाई कोठे, घरी येऊन हातपाय हलवून घेणारा फिजिओथेरपिस्ट कोठे? या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचे काम ज्या माणसावर येते त्याला त्या घटकेस बसून श्वास घेण्याचीही सवड नसते. हे माणूस बहुधा घरची सून किंवा अविवाहित लेक असते. तिचे स्वतःचे दुखणे मात्र कोणत्याच केसपेपरावर नोंदले जात नाही.

आमच्या राज्यात वृद्धांसाठी काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेखाली पात्र वृद्धांस दरमहा दोन हजार रुपये मिळतात. २०१६ साली सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबास वर्षाला अडीच लाखांचे आणि त्याहून मोठ्या कुटुंबास चार लाखांचे संरक्षण आहे. सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकास, त्याची मिळकत कितीही असो, आयुष्मान भारत योजनेचे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये खुले केले. ज्येष्ठांना सल्ला व साहाय्य देण्यासाठी १४५६७ आणि मनाची घालमेल बोलून दाखविण्यासाठी १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. निराधार वृद्धांसाठी पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेल्या प्रोवेदोरियाचे आश्रम आहेत. कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतील रुग्णांची शुश्रूषा करणारे शांती अवेदना सदन लोटली येथे आहे.

मग उणीव कोठे आहे? एक तर यांतील प्रत्येक सोयीचा दरवाजा निराळा आहे आणि एका दारात उभ्या असलेल्या माणसास दुसऱ्या दाराचा पत्ता कोणी देत नाही. अर्ज समाजकल्याण खात्याकडे, कार्ड आरोग्य खात्याकडे, तक्रार उपजिल्हाधिकाऱ्यांकडे आणि खाटेची चौकशी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे, अशी वणवण दुखणाइताच्या माणसाने करावयाची! दुसरी उणीव अधिक मूलगामी आहे. आरोग्य संरक्षणाच्या दोन्ही योजना मुख्यतः रुग्ण इस्पितळात असेपर्यंत कामास येतात. तो घरी परतला की महिनोन्‌महिने चालणाऱ्या शुश्रूषेचा खर्च कुटुंबाच्याच माथी बसतो. आणि दोन हजारांच्या मासिक साहाय्यात दिवसभर बसणाऱ्या सेविकेचे आठवड्याचे वेतनही भागत नाही.

म्हापशाचे जिल्हा इस्पितळ लोकांच्या तोंडी आजही ‘आझिलो’ आहे आणि मडगावचे ‘हॉस्पिसियो’. दोन्ही शब्द पोर्तुगीज आहेत. पहिल्याचा अर्थ आसरा आणि दुसऱ्याचा अर्थ गरजूंचे आश्रयस्थान. निराधारांना थारा देणाऱ्या धर्मादाय कार्यातून ही नावे आली. पुढे तेथे आधुनिक इस्पितळे झाली, शस्त्रक्रिया होऊ लागल्या आणि खाट लवकर मोकळी करणे ही रीत झाली. ते अपरिहार्यही होते. एक खाट सहा महिने अडली तर दहा रुग्णांना परत जावे लागेल. परंतु इस्पितळाने जो आसरा देणे सोडले तो दुसऱ्या कोणी तरी द्यावयास हवा होता. ती जबाबदारी कोणीच उचलली नाही, हे या नावांकडे पाहिले म्हणजे आम्हांस प्रकर्षाने जाणवते.

कायदा मात्र आहे आणि तो बऱ्याच अंशी वृद्धांच्या बाजूचा आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्यान्वये मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज ऐकणारा न्यायाधिकरणाचा अधिकारी उपविभागीय दर्जाच्या खाली नसतो, तेथे वकील लावावा लागत नाही आणि सामान्यतः नव्वद दिवसांत निकाल व्हावा अशी तरतूद आहे. मुलाच्या किंवा अन्य कोणाच्या नावे घर करून देताना सांभाळ करण्याची अट घातली असेल आणि ती पाळली गेली नाही, तर ते हस्तांतर रद्द ठरवून घेण्याचा मार्गही या कायद्यात आहे. म्हणून बक्षीसपत्र करणाऱ्या वृद्धांनी ती अट तोंडी न ठेवता दस्तऐवजात स्पष्ट लिहवून घ्यावी, असा आमचा आग्रहाचा सल्ला आहे. गोव्यात तर या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. आमच्या वारसा कायद्याप्रमाणे मालमत्तेचा अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो. काही ठराविक गंभीर कारणांवाचून तो त्यांच्याकडून काढून घेता येत नाही. हक्क इतका पक्का आणि कर्तव्य इतके सैल, ही विसंगती प्रत्येक वारसाने एकदा मनाशी तोलून पाहावी. पण हेही तितकेच खरे, की न्यायाधिकरण पोटगी मिळवून देईल. आजाऱ्याची कूस बदलण्यास ते कोणाला पाठविणार नाही. शिवाय बहुसंख्य घरांत मुलांची माया आटलेली नसते. काय करावे ते त्यांना ठाऊक नसते आणि त्यांचे बळ संपलेले असते.

या अडचणीवर उपाय आहे आणि तो आमच्या भूमीत एकदा अजमावूनही झाला आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची घरी काळजी घेणाऱ्या कुटुंबांवर तिसवाडी व बार्देश या दोन तालुक्यांत एक शास्त्रीय पाहणी झाली. डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध केले. ८१ कुटुंबे तीत सामील होती. अल्प मुदतीचे शिक्षण दिलेले स्थानिक सल्लागार घरी जात; आजार म्हणजे काय ते समजावून सांगत, रुग्ण चिडला तर कसे वागावे ते दाखवीत, सरकारी साहाय्य कोठे मिळेल ते सांगत आणि मुख्य म्हणजे काळजी घेणाऱ्याचे गाऱ्हाणे ऐकून घेत. त्यांच्या पाठीशी समुपदेशक व मनोविकारतज्ज्ञ होते. सहा महिन्यांनी रोग बरा झालेला नव्हता. तसा दावाही कोणी केला नाही. परंतु शुश्रूषा करणाऱ्यांचे मनःस्वास्थ्य सुधारले आणि रुग्णाच्या वागण्यामुळे होणारा त्यांचा मनस्ताप कमी झाला. एवढे सिद्ध झाल्यावर ही पद्धत राज्यातील गावोगाव पोहोचावयास हवी होती. तसे झाले नाही, हे आमचे दुर्दैव!

केरळने हीच वाट अधिक नेटाने चालून दाखविली. कोळिकोड येथे १९९३ साली वेदनाशमनाच्या कामासाठी एक संस्था उभी राहिली. तिच्यातून पुढे गावोगावचे स्वयंसेवक शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांची विचारपूस करू लागले आणि २००८ साली त्या राज्याने या सेवेचे धोरणच जाहीर करून ग्रामपंचायतींना तीत गोवून घेतले. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत, आरोग्य केंद्रांचे जाळे आहे आणि अंतरे केरळच्या मानाने थोडकी आहेत. जे मोठ्या राज्यास साधले ते लहान राज्यास साधू नये, याचे कारण आम्हांस तरी दिसत नाही.

सरकारकडे आमचे मागणे मोजके आहे. इस्पितळाने अंथरुणावरील रुग्णास घरी पाठविण्यापूर्वी शुश्रूषेच्या मुख्य गोष्टी घरच्या माणसाकडून एकदा प्रत्यक्ष करवून घ्याव्यात आणि त्याच्या गावच्या आरोग्य केंद्रास तसे कळवावे. आरोग्य केंद्राच्या परिचारिकेने ठरलेल्या दिवशी त्या घरी फेरी मारावी. प्रत्येक पंचायतीत एक माणूस असा नेमावा, की ज्याच्याकडे सर्व योजनांचे अर्ज, परिसरातील सेविका, फिजिओथेरपिस्ट व साहित्य यांची अद्ययावत यादी असेल आणि जो अर्ज भरून देईल. गावातील गरजू स्त्रियांना रुग्णसेवेचे शिक्षण देऊन योग्य वेतनाची हमी दिली, तर दोन घरांची सोय एकाच वेळी होईल.

सरकारवर सर्व भार टाकून समाजास मात्र मोकळे होता येणार नाही. आमच्या देवस्थानांच्या अग्रशाळा उत्सवाच्या दिवसांत गजबजतात. एरव्ही त्यांतील कित्येक खोल्यांना कुलूप असते. एका खोलीत चार खाटा, दोन चाकांच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या व कुबड्या ठेवून त्या गरजूंना अनामत घेऊन वापरावयास देणे कोणत्याही महाजन मंडळास अवघड नाही. आठवड्यातून दोन दुपारी तेथे वृद्धांना बसविण्याची सोय झाली, तर घरच्या सुनेस बँकेत जाण्यास, औषध आणण्यास किंवा नुसती झोप काढण्यास तीन तास मिळतील. पालखीच्या खर्चातून चार पैसे इकडे वळविले म्हणून देव रागावेल, असे आम्ही मानीत नाही.

यावर कोणी म्हणेल की आईबापांची सेवा हा आमचा धर्म आहे, त्यात परक्याची मदत घेणे म्हणजे हात झटकणे होय. असे म्हणणारे बहुधा स्वतः शुश्रूषा करीत नसतात. सेवेचा मान मुलाने घ्यावा आणि कष्ट सुनेने उपसावेत, ही रीत पुष्कळ घरांत धर्माच्या नावाने चालली आहे. रात्ररात्र जागून चिडलेल्या, खंगलेल्या हातांनी होणारी शुश्रूषा रुग्णासही सुखाची नसते. पाठीला जखम झालेल्या वृद्धास, ती धुणारा हात घरचा आहे की शिकवून तयार केलेल्या सेविकेचा, यापेक्षा ती वेळेवर धुतली जाते की नाही याचे महत्त्व अधिक असते.

कुटुंबांनीही एक गोष्ट आजच करावी. आईवडील धडधाकट असतानाच भावंडांनी एकत्र बसून कोण राहणार, कोण पैसे पाठविणार आणि जवळ राहणाऱ्यास वर्षातून किती दिवस मोकळीक मिळणार, हे ठरवावे. आईवडिलांची इच्छा काय आहे हे त्यांनाच विचारावे. त्यांची कार्डे, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे व औषधांची यादी एका जागी ठेवावी. दूर राहणाऱ्यांनी दूरध्वनीवरून सूचना करण्यापेक्षा वर्षाकाठी पंधरा दिवस येऊन खाटेपाशी बसावे. पंचायतींच्या येत्या ग्रामसभांत हा विषय कोणी तरी मांडावा आणि आपल्या गावात आज किती माणसे अंथरुणाला खिळून आहेत, हा साधा प्रश्न सरपंचांना विचारावा. त्याचे उत्तर देता आले नाही, तर कामाची सुरुवात ती गणती करण्यापासून व्हावी.