पूल होण्याआधी

दाभोळहून धोपाव्याला जाणारी जंगलजेटी फेरीबोट दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे पोचते. तेवढा वेळ आपल्यातले बरेच जण काचा वर करून, एसी लावून गाडीतच बसून राहतात. कॅमेरा मागच्या सीटवर आणि डोक्यात गुहागरचा सूर्यास्त. वाशिष्ठी नदीच्या मुखाशी आलेल्या छायाचित्रकाराने असे बसून राहणे आम्हाला खरोखर खटकते.

अशी जागा एरवी मिळत नाही. लहान होडी डुलते, किनाऱ्यावरून अंतर फार पडते. फेरीबोटीचा तळ सपाट आणि रुंद असल्याने खाडीत ती फारशी हलत नाही. पुढच्या रॅम्पपाशी डेक पाण्याला इतका जवळ असतो, की बसलेला कुरव जवळपास नजरेच्या पातळीवर येतो. निसर्गदृश्यासाठी मात्र प्रवाशांच्या वरच्या मजल्यावर जावे.

नदी पूर्वेकडून येते, समुद्र पश्चिमेला आहे आणि फेरी साधारण दक्षिणोत्तर चालते. म्हणजे सकाळी सूर्य पाठीशी घेऊन मुखाकडे पाहावे. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड त्या बाजूने आला, तर त्याच्या अंगावर समोरून प्रकाश असेल. संध्याकाळी पाठ समुद्राकडे करावी. कांदळवन आणि मागचे डोंगर तेव्हा उजळतात. जुनी अंडा मशीद दाभोळच्या धक्क्याजवळ आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने धोपाव्याहून येताना तिच्यावर चांगले ऊन मिळते.

भरती-ओहोटीसाठी कोकणातला जुना हिशेब पुरेसा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. त्यामुळे पौर्णिमा-अमावास्येपासून पुढचे तीन-चार दिवस सकाळी पाणी उतरलेले असते आणि उघड्या चिखलावर बगळे, तुतारी, कोरल असे पक्षी उतरतात. अष्टमीच्या आसपास पहाटे खाडी भरलेली असते. तो प्रतिबिंबांचा काळ.

ट्रायपॉड गाडीतच राहू द्या. डिझेल इंजिनाची थरथर लोखंडी डेकमधून त्याच्या पायांत उतरते. कठड्यावर लेन्स टेकवली तरी तेच होते. कोपरे अंगाशी घेऊन कॅमेरा हातातच धरावा. वळणाऱ्या ब्राह्मणी घारीसाठी १/२००० सेकंद, त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तरी हरकत नाही. डॉल्फिनची पाठ क्षणभरच वर येते. तो पुन्हा कुठे निघेल याचा पाठलाग करण्यापेक्षा फ्रेम थोडी मोकळी ठेवलेली बरी.

कुरवांना फरसाण किंवा वेफर्स टाकून जवळ बोलावलेले फोटो आम्ही छापणार नाही. मुंबईच्या मांडवा फेरीवर हे सर्रास चालते आणि तिथले फोटो पाहताच ओळखू येतात: तीच वळलेली मान, तोच चोचीतला तुकडा. पक्ष्याचे खाणे बिघडते, आणि छायाचित्रात त्याचे वागणेही त्याचे स्वतःचे उरत नाही.

हे सगळे आत्ता लिहिण्याचे कारण रेवस-रेड्डी सागरी मार्ग. दिघी-आगरदांडा, बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्यांवर त्या मार्गाचे पूल योजलेले आहेत. ते व्हायलाच हवेत. ज्याला रात्री रुग्णाला पलीकडच्या दवाखान्यात न्यायचे असते, त्याला फेरीचे वेळापत्रक पाहत धक्क्यावर थांबायला सांगण्याचा आपल्याला काहीही अधिकार नाही. पण पुलावरून खाडी वरून दिसते, आणि धावत्या गाडीतून दिसते. पाण्याच्या पातळीवरून दिसणारी खाडी, रॅम्पवर चढणारे दुधाचे कॅन, दुचाकीवर मासळीची पाटी बांधून निघालेली कोळीण, शेवटच्या फेरीची धावपळ, यांची नोंद या काही वर्षांतच करून ठेवावी लागेल.

म्हणून या हिवाळ्यात गाडी धक्क्यावर ठेवा आणि पायी प्रवाशाचे तिकीट काढा. एकाच फेरीने जा-ये करत राहा. चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाड्यांच्या वाटेत उभे राहू नका, रॅम्प खाली येत असताना तर मुळीच नाही. खलाशांशी बोला. कोणत्या खांबावर कैकर बसतो ते त्यांना ठाऊक असते. आमच्याकडे छायाचित्रे पाठवताना खाडीचे नाव, तारीख, तिथी आणि पाणी चढते होते की उतरते, एवढे अवश्य लिहा.