विश्लेषण : लॅक्रॉसचा मुख्य प्रशिक्षक घडतो कसा?

मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात २०२८च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकसाठी क्रिकेटबरोबरच लॅक्रॉसलाही मान्यता मिळाली. टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळला जाणारा हा खेळ उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांचा. आज अमेरिकेत त्याचा कणा आहे महाविद्यालयीन स्पर्धा. या संघांचा मुख्य प्रशिक्षक कसा घडतो, हे बिल टियर्नी यांच्या कारकीर्दीवरून समजते.

मुख्य पद सोडून सहायक का झाले?

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे टियर्नी सुरुवातीला शाळेत शिकवत आणि खेळाडू घडवत. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या तिसऱ्या श्रेणीतील संघाचे ते मुख्य प्रशिक्षक झाले. ते पद सोडून १९८५च्या हंगामात ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सहायक म्हणून रुजू झाले. कागदोपत्री ही पदावनतीच. पण हॉपकिन्सने १९८५ आणि १९८७ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद पटकावले आणि अव्वल श्रेणीतील प्रिन्स्टनचे दार टियर्नींसाठी उघडले.

प्रिन्स्टनमध्ये काय घडले?

१९८८च्या पहिल्या हंगामात दोन विजय आणि १३ पराभव! आयव्ही लीगमधील विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. त्यामुळे अभ्यासात आणि मैदानावरही चमकणारी मुले शोधून त्यांना राजी करणे, हे प्रशिक्षकाचेच काम. त्याला वेळ लागतो. विद्यापीठाने तो दिला. १९९२च्या अंतिम सामन्यात दुसऱ्या जादा वेळेत सिराक्यूसला १०-९ असे हरवून प्रिन्स्टन प्रथमच विजेते ठरले. २००१पर्यंत अशी सहा विजेतेपदे जमा झाली.

मग डेन्व्हरला जाण्याचे कारण?

लॅक्रॉसची सत्ता पूर्व किनाऱ्यावरील विद्यापीठांकडे होती. २२ हंगामांनंतर, २००९ मध्ये, टियर्नींनी प्रिन्स्टन सोडून रॉकी पर्वताच्या पायथ्याचे डेन्व्हर निवडले. २०१५ मध्ये मेरीलँडला नमवून डेन्व्हरने विजेतेपद मिळवले. पूर्व किनाऱ्यावरील राज्यांबाहेर गेलेले ते पहिलेच. २०२३ मध्ये टियर्नी निवृत्त झाले आणि डेन्व्हरचेच माजी खेळाडू व दीर्घकाळचे सहायक मॅट ब्राउन यांच्याकडे सूत्रे गेली.

ही वाट सर्वांना खुली आहे का?

तसे म्हणता येत नाही. पहिल्या श्रेणीत पुरुषांचे संघ ७५च्या आसपास, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाची पदेही तेवढीच. जम बसलेला प्रशिक्षक वर्षानुवर्षे हलत नाही आणि सहायक ताटकळत राहतात. त्यातही ‘स्वयंसेवक प्रशिक्षक’ हा वर्ग होता. काम प्रशिक्षकाचे, पण विद्यापीठाकडून पगार नाही. ज्याच्यावर घराची जबाबदारी, त्याने अशी उमेदवारी किती वर्षे करायची? ‘एनसीएए’ या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने जुलै २०२३ पासून हा वर्ग रद्द केला. हा निर्णय उशिरा झाला, तरी योग्यच आहे.

पुढे काय हवे?

पगाराइतकीच गरज आहे ती संस्थांच्या संयमाची. १३ पराभवांनंतर प्रिन्स्टनने नवा प्रशिक्षक शोधला असता, तर पुढची सहा विजेतेपदे कदाचित दिसलीच नसती. नवा प्रशिक्षक नेमणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने करंडकांच्या यादीबरोबर १९८८चा तो हंगामही आठवावा.