लोहाराची विद्या आणि आपली उदासीनता

कवितेची घडण, कादंबरीची घडण, व्यक्तिरेखेची घडण असे शब्दप्रयोग आपल्या समीक्षेत सर्रास होतात. भाषेला धार असते, शैली पाणीदार असते, अनुभव तावून निघालेला असतो. ज्या भट्टीवरून ही शब्दसंपत्ती आपण उचलली, तिच्यापुढे बसलेल्या माणसाच्या विद्येविषयी मात्र वाङ्मयीन चर्चेत क्वचितच कोणी बोलते. लोहारकामाच्या जतनाची काही जबाबदारी साहित्याच्या अभ्यासकांवरही येते, असे आमचे मत आहे.

‘पाणी देणे’ हा एकच प्रयोग घ्या. विळा किंवा कुऱ्हाड लालभडक तापवून पाण्यात बुडवली की पोलाद कठीण होते, पण ठिसूळही होते. मग तेच पाते घासून पुन्हा मंद तापवतात. त्यावर आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा रंग चढत जातो. रंग निळ्याकडे सरकेल तसा कठीणपणा कमी होतो आणि चिवटपणा वाढतो. कोणत्या हत्याराला कोणत्या रंगावर थांबवायचे हा निर्णय काही क्षणांत घ्यावा लागतो, आणि तो घेणारा डोळा वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होतो. भट्टीची जागा अंधारी ठेवतात तीही तापाचा रंग नीट दिसावा म्हणून. हे विवेचन नव्हे तर दुसरे काय?

‘गावगाडा’ हा शब्द आपल्याला त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ग्रंथामुळे परिचित आहे. पण प्रत्यक्ष गाड्याच्या चाकाला धाव कशी बसते, हे मराठीच्या किती विद्यार्थ्यांना सांगता येईल? चाकापेक्षा किंचित लहान केलेले लोखंडी कडे गोवऱ्यांच्या जाळात तापवायचे, ते प्रसरण पावले की लाकडी चाकावर चढवायचे आणि लगेच पाणी ओतायचे. आकसणारे लोखंड साऱ्या चाकाला आवळून धरते. बैलगाडी गेली की धाव जाते, आणि धाव गेली की तो शब्द कोशात पडून राहतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. बलुतेदारीत लोहाराचे काम जन्माने ठरत होते. मोबदला सुगीच्या धान्यात, गावाच्या मर्जीने मिळे. गावोगाव पाल ठोकून भाता चालवणाऱ्या घिसाड्यांच्या वाट्याला तर गावातली हक्काची जागाही नव्हती. अशा व्यवस्थेचे गोडवे गाऊन कारागिरी टिकवायची काय? मुळीच नाही. लोहाराच्या मुलाने भट्टीपाशीच बसावे असे म्हणण्याचा अधिकार पुस्तकांवर जगणाऱ्या आम्हा मंडळींना नाही. विद्या जातीपासून सुटी करणे, ती कोणालाही शिकता येईल अशी करणे आणि शिकवणाऱ्याला गुरूचा मान व वेतन देणे, हाच जतनाचा सन्मान्य मार्ग आहे. ब्रिटनमध्ये १९७८ साली कलावंत लोहारांनी आपली संघटना उभारली. तेथे आज हे शिक्षण महाविद्यालयात घेता येते.

आपल्याकडेही काही घडते आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत लोहारकाम आहे. प्रशिक्षणकाळात रोज ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साह्य मिळते. बस्तरच्या लोहशिल्पाला भौगोलिक मानांकन लाभले आहे. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह. पण पहिलीत लोहार हा लाभार्थी ठरतो, दुसरीत त्याची वस्तू दिवाणखान्याची शोभा होते. चांगल्या खुरप्याच्या वाकणात जे सौंदर्य आहे, ते दोन्हींच्या मधल्या फटीत निसटते. ललित आणि उपयुक्त यांच्यामध्ये आपल्या सौंदर्यविचाराने जी भिंत बांधली, तिचाच हा परिणाम आहे.

साहित्यानेही लोहाराकडे बहुधा प्रतीक म्हणूनच पाहिले. घण म्हणजे क्रांती, ठिणगी म्हणजे चेतना! भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’ने (१९६५) लोहार जोडप्याला पडद्यावर आणले, तरी आपल्या स्मरणात उरले ते मुख्यतः ऐरणीचे गाणे. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’मुळे (१९८०) टोपल्या विणणाऱ्या कैकाड्यांचे जगणे मराठीत आतून आले. भात्यापाशी बसणाऱ्याचे जगणेही त्याच्याच शब्दांत यायला हवे.

मराठी विभागांना हे काम कठीण नाही. प्रकल्पासाठी तीच ती दहा पुस्तके पुन्हा निवडण्याऐवजी विद्यार्थ्यांनी जवळच्या लोहाराकडे महिनाभर जावे. अवजारांची नावे, क्रियापदे, कामाचा क्रम, त्याच्या तक्रारी, हे सारे त्याच्या बोलीत आणि त्याच्या संमतीने नोंदवावे. त्याच्या वेळेचे पैसे विभागाने द्यावेत. पुढे ही नोंद नवशिक्या लोहाराच्याही हाती पडावी. निळ्या रंगावर नेमके कधी थांबायचे हे जाणणारी माणसे आज वयस्क आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या विद्येचा एकही कागद आपल्याकडे नाही.