अर्थखात्याचा उमेदवार : आमचा विरोध कशासाठी?

जुलै 2023 मध्ये अजित पवारांना अर्थखाते देण्यास शिंदे गटाच्या आमदारांनी विरोध केला. कारण? निधीवाटपात अन्याय होतो! कुणाचा निधी? आमदारांचा. त्या भांडणात अनुसूचित जातींचा निधी कुठे होता?

पुढे मे 2025 मध्ये 'लाडकी बहीण'साठी सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी वळवले गेले. खात्याचे मंत्री संजय शिरसाट, तेही शिंदे गटाचेच, जाहीर बोलले. पण अडवू शकले नाहीत. कारण अडवणारा कायदाच महाराष्ट्रात नाही. आंध्र, कर्नाटकात तो 2013 पासून आहे. तिथेही पळवाटा काढतात, पण जाब विचारायला कायदा तरी आहे.

भोर-वेल्हे बारामती लोकसभेत येते. म्हणून अजित पवार अर्थमंत्री असताना 'आपला माणूस' म्हणत आपली पोरंही टाळ्या वाजवायची. बांधवांनो, तिजोरीतला वाटाच आपला राहत नसेल, तर माणूस आपला असून उपयोग काय? बाबासाहेबांनी प्रांतिक अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. आपण अर्थसंकल्प तरी वाचतो का?

यापुढे अर्थखात्यासाठी नाव कुणाचेही येवो, प्रश्न एकच : अनुसूचित जाती उपयोजनेचा कायदा करणार का? 'हो' न म्हणणाऱ्याला आमचा विरोध!

जय भीम!